एवढी ठोकली, तरी एअरबॅग का उघडली नाही?

अपघाताचा फोटो समोर येतो. बॉनेटची घडी होऊन ती काचेपर्यंत वर आलेली, रेडिएटर इंजिनवर चेपलेला, एक चाक तिरकं होऊन आत घुसलेलं. उघड्या दारातून आतलं स्टिअरिंग दिसतं, आणि ते मात्र जसंच्या तसं. मधलं झाकण शाबूत, त्यावरचा लोगोसुद्धा चमकतोय. बघणाऱ्याच्या तोंडून निघणारं वाक्य ठरलेलं असतं: "एवढी ठोकली तरी एअरबॅग उघडली नाही, म्हणजे सिस्टिम बोगस."

असेलही. नसेलही. फोटोवरून ते सांगता येत नाही. बॉनेट चुरगळलं यात नवल काही नाही, तो भाग चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो. धडकेतली ऊर्जा पत्रा वाकवण्यात खर्च व्हावी आणि माणसं बसतात तो सांगाडा शाबूत राहावा, अशी ती योजना असते. पत्रा किती वाकला हे एअरबॅगला कळत नाही. तिला कळतं ते एवढंच, की गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतोय. आणि त्यावरून उघडायचं की नाही हे तिला धडक जेमतेम सुरू झालेली असतानाच ठरवायचं असतं. एअरबॅगबद्दलचे बहुतेक गैरसमज आणि तिच्यातले बरेचसे खरे दोष याच अडचणीतून निघतात, म्हणून आधी ती नीट बघू.

वीतभर धडक

ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. या वेगाने गाडी भक्कम भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपून थांबली असं धरू. शाळेतलंच गणित लावलं तर गाडी थांबायला लागतात साधारण ८५ मिलिसेकंद. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पापणी लवायला शंभरएक तरी लागतात.) या वेळातला सरासरी झटका येतो गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट, म्हणजे १६ जी. साठ किलोच्या माणसाला सीटवर धरून ठेवायला तेवढ्यापुरता जवळपास एक टनाचा जोर लागेल. 'दोन्ही हातांनी डॅशबोर्ड घट्ट धरीन' असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

बॅग पूर्ण फुगायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. इकडे गाडी थांबत असते, पण आतला माणूस जुन्याच वेगाने पुढे निघालेला असतो. एअरबॅग बनवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: डोकं पाच इंच, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर पुढे सरकायच्या आत बॅग फुगून तयार हवी. वरच्या भिंतीच्या उदाहरणात डोकं तेवढं सरकायला सुमारे ४० मिलिसेकंद लागतात. त्यातून फुगण्याचे ३० वजा केले की उरतात १०.

म्हणजे निर्णयाला वेळ दहा मिलिसेकंद! खऱ्या धडकेत आधी बंपरसारखे मऊ भाग चेपतात, झटका हळूहळू चढत जातो, त्यामुळे थोडी सवलत मिळते आणि समोरच्या धडकेत निर्णय साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत होतो. तरी चित्र काही फारसं बदलत नाही. या उदाहरणात १५ मिलिसेकंद होतात तेव्हा गाडी वीतभरसुद्धा चेपलेली नसते. पुढची हातभर धडक अजून व्हायची असते, आणि ती कशी होणार हे या वीतभरावरून ओळखायचं असतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. फरक इतकाच की इथे शीत अर्धवट शिजलेलं असतानाच सांगायचं असतं.

मग शंका आली तर उघडून टाकावी की, बिघडलं काय? तर बरंच बिघडतं. बॅग झाकण फोडून बाहेर येते ती ताशी ३०० किमीच्या घरातल्या वेगाने. माणूस पुरेसा लांब असेल आणि ती फुगून झाल्यावर तो तिच्यावर आदळला, तर ती उशीसारखी वागते. फुगता फुगता तोंड तिच्यासमोर आलं तर तोच ठोसा होतो. अमेरिकेत १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांमध्ये समोरच्या एअरबॅगच्याच दणक्याने २९० हून जास्त माणसं मेली, असा तिथल्या सरकारी वाहन सुरक्षा संस्थेचा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांनी बेल्ट लावलेला नव्हता किंवा नीट लावलेला नव्हता. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर मेलेल्यांमध्ये तर ९० टक्क्यांहून जास्त लहान मुलं आणि तान्ही बाळं होती. त्यानंतर बॅगांची ताकद कमी झाली, दोन टप्प्यांत फुगणाऱ्या बॅगा आल्या, पुढच्या सीटवर कोण बसलंय हे ओळखणारे सेन्सर आले. न उघडणं हासुद्धा कधीकधी बरोबर निर्णय असतो, हे या उद्योगाला माणसं गमावून कळलं.

दुसऱ्या पारड्यातला आकडाही सांगायला हवा. त्याच संस्थेच्या हिशोबाने १९८७ ते २०१७ मध्ये समोरच्या एअरबॅगमुळे अमेरिकेत ५० हजारांवर जीव वाचले.

स्पीडोमीटरचा काटा आणि खरा झटका

"गाडी ऐंशीला होती" हे वाक्य अशा प्रत्येक वादात येतं. एअरबॅगच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नाही. ऐंशीवरून कितीवर आली आणि किती वेळात, एवढाच प्रश्न असतो.

मघाचीच ५० ची गाडी घ्या. या वेळी ती रस्ता सोडून झुडपांत, चिखलात शिरली आणि सहा मीटर घसटत जाऊन थांबली. वेगातली घट तेवढीच, पण अंतर दहापट. झटका उतरतो १.६ जी वर. करकचून ब्रेक मारल्यावर एक जीच्या आसपास मिळतो, म्हणजे हा त्याहून थोडासाच जास्त. गाडीची पार दशा झालेली असेल, दोन्ही बाजू खरवडून निघाल्या असतील, काच फुटली असेल, पण समोरची बॅग उघडणार नाही, आणि उघडूही नये. बेल्ट पुरतो.

उंबरठा नेमका कुठे असतो हे गाडीगणिक बदलतं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने दिलेली ढोबळ मापं अशी: बेल्ट नसलेल्या माणसासाठी भक्कम भिंतीवर ताशी १६ ते १९ किमीने आदळण्याएवढी धडक, आणि बेल्ट लावलेल्यासाठी साधारण २५ किमी. यातला 'भक्कम भिंत' हा शब्द महत्त्वाचा आहे. रस्त्यावर आपण भिंतीवर आदळत नाही, बहुतेक वेळा दुसऱ्या गाडीवर आदळतो. उभ्या असलेल्या, आपल्याच वजनाच्या गाडीला ५० ने मागून ठोकलं तर ती पुढे ढकलली जाते, तीही चेपते, आणि आपल्या वाट्याला वेगातली साधारण निम्मी घट येते. म्हणजे पन्नासची धडक भिंतीच्या भाषेत पंचवीसची. अगदी उंबरठ्यावर. दोन सारख्या गाड्या, दोन सारखे अपघात, एकीत उघडली आणि एकीत नाही, असं ऐकू येतं ते बऱ्याचदा या पट्ट्यातलं असतं.

बेल्ट लावला नाही तर एअरबॅग उघडतच नाही, हा ठाम समज वरच्या आकड्यांमध्येच खोटा पडतो. बहुतेक गाड्यांत बेल्ट नसला तरी समोरची बॅग उघडते, उलट काही गाड्यांत जरा लवकरच उघडते. पण बेल्ट नसलेला माणूस ब्रेक लागल्यापासूनच पुढे सरकत असतो, आणि बॅग बाहेर येते तेव्हा तो तिच्या तोंडाशी असतो. बॅगेचं अधिकृत नावच सप्लिमेंटल रिस्ट्रेंट सिस्टिम, म्हणजे माणसाला जागेवर धरून ठेवणारी पूरक यंत्रणा असं आहे, झाकणावरची एसआरएस ही तीन अक्षरं त्याचीच. पूरक कुणाला, तर बेल्टला.

दोन प्रकारचे अपघात मात्र खरोखर फसवे असतात. एक म्हणजे उभ्या ट्रकच्या मागे घुसणं. गाडीचे ताकदवान भाग, म्हणजे बंपरमागचा आडवा बार आणि चेसिसचे पुढचे दांडे, ट्रकच्या हौद्याखालून निघून जातात. आदळतं ते बॉनेट, मग काच, मग छताचे खांब. हे सगळं त्या मानाने मऊ. सेन्सरला सुरुवातीला कळतं की काहीतरी घासतंय, आणि खरा दणका बसेपर्यंत हौद्याची कड डोक्याशी आलेली असते. तेव्हा बॅग उशिरा उघडते किंवा उघडतच नाही, आणि वेळेवर उघडली असती तरी तिचा किती उपयोग झाला असता हा प्रश्नच आहे. अशा ठिकाणी जीव वाचवतो तो ट्रकच्या मागे लावलेला मजबूत आडवा दांडा. म्हणजे आपल्या सुरक्षेचा एक भाग दुसऱ्याच्या वाहनावर बसवलेला असतो, आणि तो आहे की नाही हे आपल्या हातात नसतं.

दुसरा फसवा प्रकार खांबाचा किंवा झाडाचा. खांब चेसिसच्या दोन दांड्यांच्या बरोबर मधे आला तर तो मऊ भाग चिरत आत येतो आणि इंजिनला भिडेपर्यंत झटका सौम्यच दिसतो. म्हणूनच आता पुढे रेडिएटरच्या आसपास वेगळे सेन्सर लावतात, मधल्या कंट्रोल युनिटला, म्हणजे उघडायचं की नाही हे ठरवणाऱ्या डब्याला, लवकर खबर मिळावी म्हणून.

बाकीचं थोडक्यात. मागून धडक बसली तर समोरच्या बॅगा उघडायचं कारण नाही, कारण माणूस सीटमध्ये दाबला जातो. गाडी उलटली तर समोरच्या बॅगा गप्पच राहतात, आणि ज्या गाडीत उलटण्याचा सेन्सर आहे तिच्यात खिडक्यांवरचे पडदे उघडतात. बाजूच्या धडकेत माणूस आणि दार यांच्यात हातभरही जागा नसते, म्हणून तिथला निर्णय पाच-दहा मिलिसेकंदांत लागतो. त्यासाठी अनेक गाड्यांत दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. दार आत दबलं की पोकळीतला दाब एकदम चढतो, आणि ती खबर धक्क्याच्याही आधी पोचते.

डबा, पिवळ्या तारा आणि घड्याळाची स्प्रिंग

सगळे निर्णय जिथे होतात तो डबा मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा जरा निराशाच झाली होती. तळहातावर मावणारी ॲल्युमिनियमची पेटी, एका बाजूला जाडसर कनेक्टर, आणि वर एक बाण. बाण गाडीच्या पुढच्या दिशेला करून, ठरलेल्या ताकदीने आवळूनच तो बसवायचा असतो, कारण आतला सेन्सर दिशा मोजतो. बोल्ट ढिला असेल तर डबा स्वतःच हलतो, आणि मग तो जे मोजतो ते गाडीचं हलणं राहत नाही. हा डबा बहुधा गिअरच्या पुढे किंवा खाली, गाडीच्या मधोमध जमिनीला चिकटून असतो. गाडीत पाणी शिरलं की त्याला धोका का असतो ते यावरून कळेल. सीट वाळतात, गालिचा वाळतो, वास जातो. या पेटीत शिरलेल्या पाण्याने चढलेला गंज आपलं काम करत राहतो.

जुन्या गाड्यांत सेन्सर म्हणजे नळीतली गोळी असायची. अमेरिकेतल्या ॲलन ब्रीड यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी ही कल्पना आणली. लहानशा नळीत एक धातूची गोळी, तिला मागे धरून ठेवणारं लोहचुंबक. झटका पुरेसा मोठा आणि पुरेसा लांब असला तरच गोळी चुंबकापासून सुटून नळीच्या दुसऱ्या टोकाला पोचते आणि दोन संपर्क जोडते. हातोडीचा ठोका किंवा खड्ड्यातला दणका मोठा असतो पण क्षणिक असतो, गोळी निघते न निघते तोच परत जाते. आता त्या जागी सिलिकॉनच्या चिपमधला सूक्ष्म सेन्सर आहे, पण तत्त्व तेच. झटका किती याच्या जोडीला तो टिकला किती हेही बघायचं. शिवाय एका सेन्सरच्या शब्दावर बॅग उघडत नाही. दुसऱ्याने स्वतंत्रपणे 'हो, खरंच धडक आहे' म्हणावं लागतं. खोट्या हाकेने बॅग उघडू नये म्हणून हे दुसरं मत, आणि त्या दुसऱ्या मताला उशीर झाला तर पहिलं वाया.

हो-हो झालं की डबा बॅगेतल्या ठिणगी पाडणाऱ्या भागाला वीज पाठवतो. ही वीज किती? जेमतेम सव्वा अँपिअर, दोन मिलिसेकंद. तेवढ्याने आतल्या रसायनाच्या वड्या पेटतात आणि वायू तयार होऊन बॅग फुगते. धडकेत बॅटरीच तुटली तर काय, याचाही विचार झालेला असतो. डब्यात कपॅसिटर असतात, त्यांत बॅग उडवण्यापुरती वीज साठवलेली असते. म्हणूनच शहाणा मेकॅनिक बॅटरीची तार काढल्यावर काही मिनिटं थांबतो आणि मगच स्टिअरिंगला हात लावतो.

आता कच्चे दुवे. स्टिअरिंग फिरतं, बॅग त्याच्यासोबत फिरते, पण तिच्या तारा मात्र न फिरणाऱ्या गाडीला जोडलेल्या हव्यात. यासाठी स्टिअरिंगमागे एक चपटी, गोल डबी असते आणि तिच्यात घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तारांची पट्टी. गॅरेजमध्ये तिला क्लॉक स्प्रिंगच म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की ती उलगडते, सरळ केलं की गुंडाळते. वर्षानुवर्षं हे झाल्यावर, किंवा स्टिअरिंगचं काम करताना कुणी ती मध्यावर न आणता बसवली तर, पट्टी तुटते. बऱ्याचदा हॉर्नची तारही तिच्यातूनच जाते. त्यामुळे हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणं अधूनमधून बंद पडू लागली आणि सोबत एअरबॅगचा दिवा लागला, तर संशय पहिला इथे घ्यावा. "हॉर्न नंतर बघू" म्हणून गाडी फिरवत राहिलात तर त्या काळात ड्रायव्हरची बॅग निकामी असू शकते.

दुसरा दुवा सीटखाली. सीट पुढेमागे सरकते, तिच्याखालून पिवळ्या वेष्टणातल्या तारा आणि कनेक्टर जातात. पिवळा रंग एअरबॅगची खूण आहे, ओढू नका सांगणारी. सीटखाली कोंबलेली छत्री, पाण्याची बाटली किंवा साफसफाई करताना व्हॅक्यूमची नळी त्यांना ढकलते आणि कनेक्टर किंचित सैल होतो. डबा प्रत्येक वायरीचा रोध सतत तपासत असतो. ठरलेल्या दोनेक ओहमच्या पलीकडे काही दिसलं की दिवा लावतो.

तो दिवा, म्हणजे बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोळा. किल्ली फिरवल्यावर तो काही सेकंद लागून विझायला हवा. लागलेलाच राहिला तर बिघाड आहे, आणि बिघाड कुठे आहे यावर एखादी बॅग किंवा सगळीच यंत्रणा बंद असू शकते. पण अजिबात लागलाच नाही तर ते जास्त वाईट. अपघातात बॅगा उडालेली गाडी दुरुस्त करताना खर्च वाचवायला काही जण बॅग बसवतच नाहीत. वर नवं झाकण लावतात आणि दिवा विझावा म्हणून बॅगेच्या जागी दोन ओहमचा एक फुटकळ रोधक जोडून डब्याला फसवतात, किंवा दिवाच काढून टाकतात. पुढचा मालक गाडी घेतो तेव्हा सगळं चकाचक असतं. झाकणाखाली मात्र चिंध्या किंवा पोकळी. जुनी गाडी घेताना किल्ली फिरवून तो दिवा लागतो आणि विझतो हे डोळ्यांनी बघायला पाच सेकंद लागतात. रोधकाची चलाखी मात्र त्या पाच सेकंदांत पकडता येत नाही. त्यासाठी झाकण उघडावं लागतं, आणि ते जाणकारानेच उघडावं.

बाजारातल्या बनावट बॅगांचा प्रश्न यालाच लागून आहे. अमेरिकेतल्या सरकारी वाहन सुरक्षा संस्थेने २०१२ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यांच्या चाचण्यांत काही बनावट बॅगा फुगल्याच नाहीत आणि काहींमधून धातूचे तुकडे उडाले.

कंपनीकडूनच चुकतं तेव्हा

आत्तापर्यंत वाचून कुणाला वाटेल की हा माणूस कंपन्यांची वकिली करतोय. मग जनरल मोटर्सचं प्रकरण बघा.

शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांच्या इग्निशन स्विचमधली एक बारीक स्प्रिंग कमी ताकदीची होती. किल्लीला जड जुडगा असला, गुडघ्याचा धक्का लागला किंवा गाडी खडबडीत रस्त्यावर उडाली, की किल्ली 'चालू'वरून आपोआप मागच्या खाचेत सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंगची मदत बंद, आणि एअरबॅगचा डबाही बंद. कपॅसिटर इथे उपयोगाचे नाहीत. त्यांच्यातली वीज धडकेतल्या काही क्षणांसाठी असते, धडकेच्या आधीच झोपी गेलेल्या डब्याला त्यांचा आधार नसतो. आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की गाडी ताब्यात राहत नव्हती म्हणून अपघात व्हायचा आणि त्याच कारणाने बॅग उघडायची नाही.

कंपनीच्या तज्ज्ञांना बॅगा न उघडल्याची प्रकरणं दिसत होती, पण ते वर्षानुवर्षं एअरबॅगमध्येच दोष शोधत राहिले. स्विचकडे बघणाऱ्यांच्या लेखी तो गाडी बंद पडण्याचा, म्हणजे गैरसोयीचा विषय होता. हे दोन धागे विस्कॉन्सिन राज्यातल्या एका पोलिसाने २००७ सालीच आपल्या अपघात अहवालात जोडले होते: किल्ली 'चालू'वर नव्हती, म्हणून बॅगा उघडल्या नसाव्यात. त्याआधी, २००६ मध्ये, स्विच गुपचूप सुधारलाही गेला होता, पण भागाचा क्रमांक तोच ठेवून. त्यामुळे नंतर तपासणाऱ्यांना जुना आणि नवा वेगळा आहे हेच कळेना. गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या २०१४ मध्ये, सुमारे २६ लाख. नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले आणि २०१५ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड केली. बॅग, सेन्सर, डबा, सगळं ठणठणीत होतं. दोष किल्लीच्या खाचेत होता.

दुसरं प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं, कारण त्यात यंत्रणा धडकेनेच मरते. झेडएफ-टीआरडब्ल्यू या पुरवठादाराच्या कंट्रोल युनिटमधली एक चिप विजेच्या झटक्यापुढे कमकुवत असल्याचा संशय होता. पुढच्या सेन्सरच्या तारा धडकेत चिरडल्या की त्यांच्यातून उलट दाबाची लहर डब्यात येते, आणि चिप जळाली तर बॅग उडवण्याआधीच डबा गप्प होतो. खबर आणायला पाठवलेल्या तारेनेच घात करावा तसं. २०१९ मध्ये अमेरिकेतला तपास सहा कंपन्यांच्या १ कोटी २३ लाख गाड्यांपर्यंत वाढवला गेला, आणि २०२० च्या जानेवारीत एकट्या टोयोटाने जगभरातून ३४ लाख गाड्या परत बोलावल्या. नुसती चाचणी घेऊन हा दोष सहज सापडत नाही. तार कशी चिरडेल हे प्रत्येक धडकेत वेगळं असतं.

नुसत्या सॉफ्टवेअरनेही हे होऊ शकतं. २०१६ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ४३ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण क्वचित एखाद्या वेळी डबा स्वतःची चाचणी घेण्याच्या अवस्थेत शिरायचा आणि त्याच वेळी धडक झाली तर समोरच्या बॅगा उघडणार नव्हत्या. इलाज नवा प्रोग्राम भरण्याचा.

एअरबॅग बनवणाऱ्या ताकाता कंपनीचं नाव या संदर्भात हमखास निघतं, पण तो उलटा रोग. तिथल्या बॅगा उघडायच्या, आणि जास्तच जोरात. उष्णता आणि दमट हवेने वर्षानुवर्षं खराब झालेलं, बॅग फुगवणारं रसायन अमोनियम नायट्रेट इतकं भडकायचं की धातूचं कवच फुटून तुकडे माणसात शिरायचे. जगभरात दहा कोटींच्या आसपास इन्फ्लेटर, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या डब्या, बदलायची वेळ आली. परत बोलावण्याचं पत्र आलं तर त्यात 'उघडत नाही' लिहिलंय की 'फुटते', एवढं तरी वाचावं. दोन्हींत गाडी दुरुस्तीला न्यायचीच असते, पण दुसऱ्या प्रकारात तोपर्यंत ती चालवावी का, हाही प्रश्न असतो.

पुढच्या सीटवर कोण बसलंय ते ओळखणारा सेन्सर हे आणखी एक वेगळं प्रकरण. मूल किंवा रिकामी सीट वाटली तर तो शेजारची बॅग बंद ठेवतो. मोठं माणूस सीटच्या कडेला, दाराला टेकून किंवा पाय वर घेऊन बसलं तर वजन कमी भासतं आणि बॅग बंद असल्याचा दिवा लागतो. तो दिवा बहुधा डॅशबोर्डच्या मधोमध असतो आणि कुणी बघत नाही.

अपघातानंतर

कंपनी म्हणते झटका उंबरठ्याखाली होता, मालक म्हणतो गाडीचा चेंदामेंदा झाला. मग ठरवायचं कुणी? भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एप्रिल २०२२ मध्ये असंच प्रकरण होतं. ह्युंदाई क्रेटाच्या २०१७ मधल्या अपघातात बॅगा उघडल्या नव्हत्या आणि कंपनीचं म्हणणं होतं की समोरून बसलेला जोर पुरेसा नव्हता. न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल कायम ठेवला. वेग आणि बल यांच्या सिद्धांतांवर धडकेचं गणित मांडणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असणं ग्राहकाकडून अपेक्षित नाही, असं त्यात म्हटलं आहे. अभियंत्याच्या नजरेने पाहिलं तर वर सांगितलेल्या सगळ्या कारणांनी ही भूमिका अवघड वाटते. पण दुसरी बाजूही खरी आहे. सुरक्षा म्हणून विकताना उंबरठ्याची गोष्ट कुणी ठळकपणे सांगत नाही, ती मॅन्युअलच्या आतल्या पानांवर असते.

खरं उत्तर बहुधा त्याच बाण असलेल्या डब्यात असतं. अनेक गाड्यांत तो धडकेची नोंदही ठेवतो: आधीच्या पाच सेकंदांतला वेग, ब्रेक दाबला होता का, बेल्ट लावला होता का, धडकेत वेग किती मिलिसेकंदांत कितीने घटला, एअरबॅगचा दिवा आधीपासून लागलेला होता का. युरोपीय संघात ही सोय जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत बंधनकारक आहे. नोंद वाचायला खास उपकरण आणि जाणकार लागतो.

यात एक मेख आहे. बॅग उघडली तर ती नोंद कायमची गोठते. बॅग न उघडलेल्या धडकेची नोंद मात्र बऱ्याच गाड्यांत तात्पुरती असते, आणि पुढच्या एखाद्या घटनेने किंवा गाडी ठरावीक वेळा चालू-बंद केल्याने पुसली जाऊ शकते. म्हणजे ज्या अपघातात वाद होणार, नेमका त्याचाच पुरावा कच्चा. म्हणून अशी गाडी 'चालू होते का बघू' म्हणत पुन्हा पुन्हा किल्ली फिरवू नये, बॅटरी सोडवून ठेवावी, आणि डबा वाचून होईपर्यंत विमा कंपनीला किंवा भंगारवाल्याला गाडी देऊ नये. आतले फोटोही लगेच काढावेत: बेल्टवर ताणाच्या खुणा, स्टिअरिंगचं झाकण, आणि किल्ली कुठल्या खाचेत आहे ते.